बोट सगुणाचं, आकडा माझा

हमरापुरात गणपतीचे डोळे आखावेत ते कमळाकरनेच! हे मी म्हणत नाही, पेणचे व्यापारी म्हणतात. (मीही म्हणतो.) आणि मधुमेहवाल्यांच्या ‘साखर आटोक्यात’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पेण-रोह्याच्या दोनशे माणसांत, रोज सकाळी साखर मोजायच्या मशीनच्या फोटोसकट सर्वांत सुरेख आकडा टाकावा तोही मीच! एकशे दहा. एकशे आठ. खाली टाळ्याच टाळ्या! ‘काका, पथ्य काय पाळता?’ लोक विचारायचे. मी तोंडातला पेढा गिळून लिहायचो, ‘संयम!’

आता खरं सांगतो. ते रक्त माझ्या बायकोचं, सगुणाचं होतं.

सीझनमध्ये बोट टोचलं की आखणी बिघडते, असं मी तिला पटवलं होतं.

“मंग डाव्या हाताला टोचा की!”

“डाव्यानं मूर्ती धरतो गो!”

खरं कारण सुईची भीती. छप्पन्न वर्षांचा बाप्या सुईला भितो, हे कुणाला सांगणार? तिने मुकाट्याने बोट पुढे केलं. रोज.

आषाढात आकडा चढायला लागला. एकशे साठ. दोनशे दहा. मी मशीनची बॅटरी बदलली. दोनशे चाळीस! नव्या पट्ट्या आणल्या. दोनशे नव्वद! मशीन घेऊन देणाऱ्या मुलाला, प्रवीणला, धाटावच्या कंपनीत फोन करून झापलं. पण सगुणाला काही झालं असेल, हे डोक्यातच येईना. तिला तापसुद्धा सुट्टीच्या दिवशी यायचा!

फोटो टाकणं थांबवलं असतं तर संशय आला असता, म्हणून टाकत राहिलो. ग्रुपने मला सोलून काढलं. ‘काका, गोड चोरून खाता!’ (खरंच खात होतो, म्हणून जास्त झोंबलं.) ग्रुप चालवणारी रोह्याची हफ्सा तर हात धुऊन मागे लागली. ती स्वतः बारा वर्षं इन्सुलिन घेते, तिला काय फसवणार! तिने थेट फोनच केला. मी मूर्तींच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर, ऐटीत स्पीकरवर टाकला.

“काका, तहान लागते? रात्री सारखे उठता?”

“छट्!”

“पायाला मुंग्या? भरत नाय अशी जखम?”

“मला काय पन नाय! ठणठणीत हाय!”

“मला हाय,” मागून सगुणा म्हणाली.

तिने पायाचं फडकं सोडलं. खिळा लागून महिना झाला होता. अंगठा काळा पडला होता. कामाच्या घाईत ती बोलली नव्हती, आणि मी विचारलं नव्हतं.

हफ्साने फोन ठेवलाच नाही. डॉक्टर तिनेच गाठून दिला, ग्रुपमधलाच एकजण रिक्षा घेऊन आला. अंगठा काढावा लागला. “आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता,” डॉक्टर म्हणाले. “घरात मशीन असून एकदाही तपासलं नाही?”

रोज तपासत होतो, हे कुठल्या तोंडाने सांगू!

ग्रुपवर मात्र सगळं लिहिलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. हफ्साचं एवढंच आलं, ‘काकी कशी हाय? आनि काका, आता तुमचं बोट.’

सगुणाच्या कॉटपाशी बसून, डोळे गच्च मिटून मी बोट टोचलं. तीनशे बारा.

“दुखलं का?” तिने विचारलं.

“नाय गो,” म्हणालो, आणि मला रडूच फुटलं.

मग तिने आपलं बोट पुढे केलं.

“आता माझं घ्या,” म्हणाली. “पन या टायमाला माझ्या नावावर टाका!”