बारापात्रे सरांच्या गोगलगाई

लग्नाच्या पंगतीत बारापात्रे सर शेजारी बसले की माणसं ताट उचलून दुसरीकडे जायची. सर गुलाबजाम बोटांत धरून विचारायचे, "जंतूच्या अंगावर बी साखर असते, मालूम हाय का?" समोरच्याचा घास तिथंच अडकायचा.

हिंदी मुलखातल्या मरोदा वस्तीत आमच्या शेजारी राहणारे सर म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून एकटेच. अंगणात पाण्याच्या पाच टाक्या, आणि टाक्यांत नाल्यातून आणलेल्या गोगलगाई. सुपेल्याच्या बाजारातून स्वतःसाठी भाजी आणोत न आणोत, त्यांच्यासाठी पालक यायचाच. मी एकदा म्हटलं, "सर, कुत्रा पाळा. शेपूट तरी हालवंल."

"तुले नाही समजत, मनोज. या गोगलगाईले लस नाही, गोळी नाही, आपल्यासारखी अँटिबॉडी बी नाही. तरी घाण पाण्यात जगून राहिली. कावून? तिच्या अंगात लेक्टिन नावाचं प्रथिन हाय. ते जंतूच्या अंगावरची साखर ओळखते अन् तिले चिकटते. जंतूचा गठ्ठा होते, मंग रक्तातल्या पेशी त्याले गिळून टाकते. समजलं?"

नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी नेहमी "समजलं" म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोचं, सुनंदाचं, ऑपरेशन झालं. टाके पिकले, जंतू रक्तात गेले, ताप उतरेना. सर रोज दुपारी दवाखान्यात यायचे आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक नर्सला एकच विचारायचे, "बुखार कितना है?" बाकी एक शब्द नाही. मलाच ती शांतता सहन होईना.

"सर, गोगलगाईचं काहीच नाही सांगून राहिले आज?"

ते फरशीकडे बघत म्हणाले, "आमच्या कमलले, माह्या बायकोले, असंच झालं होतं. पायात खिळा घुसला. ताप आला तं मी म्हनलो, उतरंल. बोर्डाचे पेपर तपासून राहिलो होतो ना. इकडं ताप वाढत गेला, अन् डॉक्टरकडे नेलं तवा उशीर झाला होता. जिंदगीभर पोरायले शरीर शिकवलं, अन् घरातला ताप मले नाही समजला. मंग या गोगलगाईले पाहत बसलो, एवढासा जीव कसा वाचते म्हणून."

शेजारी इतकी वर्षं राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी ताप उतरला. तोवर सरांनी वॉर्डाचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी आत गेले, सुनंदाच्या कपाळावर तळहात ठेवला.

"ताप नाही बेटा," म्हणाले. "खरंच नाही."

तरी हात उचलेनात. नर्स दोनदा म्हणाली, "चाचा, अब बाहर चलिए."

"एक मिनिट," सर म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.