मारोतकाकांच्या उलट्या विहिरी

मारोतकाका गेले, तो सोमवार होता. सकाळी त्यांनी अकरा विहिरींत दोरी सोडून पाणी मोजलं. बाराव्या विहिरीच्या काठावर ते बसले. उठले नाहीत.

त्यांना कुणी रामराम घातला की ते उलट विचारायचे, “किती हात?” म्हणजे, तुमच्या विहिरीचं पाणी किती हात खाली आहे? सोयरीक जुळवायला आलेल्या एका पाहुण्यालाही त्यांनी हेच विचारलं. पाहुणा इतका गडबडला की आपल्या गावी गेला, मोजून आला आणि मग चहा प्याला.

काका पिंगळी स्टेशनावर सांधेवाले होते. रुळांचे खटके ओढण्यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी गयाकाकूंची नजर गेली. काकू ओट्याच्या कोपऱ्यात गप्प बसून असत आणि काका हातात गाठी मारलेली दोरी घेऊन गावभर फिरत. आम्ही म्हणायचो, माणसाला काहीतरी ओढायला लागतं. रूळ सुटले, दोरी आली.

मी त्यांचा शेजारी. शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे काकांना हवा असलेला विहिरींचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. दाराची जुनी फळी, तिच्यावर गाव, आणि प्रत्येक विहिरीच्या जागी भोक पाडून त्यात सायकलची तार. पाणी जितके हात खाली, तितकी बोटं तार वर.

पहिल्याच दिवशी घोटाळा. देवराव पाटलांची तार सगळ्यांत उंच निघाली. पाटलांनी फेटा सावरला आणि पेढे मागवले. निम्मा पुडा संपल्यावर काकांनी विचारलं, “पाटील, पेढे कशाचे वाटायलात?”

“आपलं पाणी सगळ्यात वर हाय की!”

“वर कुठलं? लय खाली हाय. म्हून तर तार लांब.”

पाटील उरलेला पुडा घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळी उलटी करून ओट्याच्या वाशाला टांगली. तारा खाली लोंबायला लागल्या, विहिरीत सोडलेल्या दोरीसारख्या. लांब म्हणजे खोल, हे आता सगळ्यांना कळलं. फक्त वर बघून बघून आठवडाभरात निम्म्या गावाची मान धरली. शिवाय पुढच्या तारांआड मागच्या दिसेनात.

मग काकांनी स्टेशनाच्या सवयीनं पाच खटके बसवले. एक फळी खाली आणायला, एक वर न्यायला, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाचवा कशाला होता, ते त्यांनाही सांगता आलं नाही. भाजी विकून परतणारी सखूबाई ओट्यावर टेकली होती. काकांनी तिला म्हटलं, “ओढ कोनता बी.” तिनं नेमका पाचवा ओढला. फळी गर्रकन फिरली, आणि पाटलांचा फेटा तारांत अडकून देवळापासून स्टेशनापर्यंत सगळं गाव हिंडून आला.

“काका,” मी म्हणालो, “कोणता खटका कशाचा, ते कागदावर लिहून लावू या.”

ते भडकले. “गुरुजी, सांगावं लागलं म्हंजी आपलंच चुकलं. एकट्या माणसाला, कुनाला न इचारता, जमलं पायजे.”

हे त्यांचं पालुपद. जेवताना, बाजारात, मयतीला, कुठेही. “एकट्याला जमलं पायजे.”

दोन वर्षं हे चाललं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते, कोण कुणाच्या ओट्यावर टेकतो याकडे माणसांचं लक्ष असे. काकांच्या ओट्यावर मात्र सगळे यायचे, कारण सगळ्यांच्या विहिरी तिथे होत्या. एकदा पाटील म्हणाले, “ती वस्तीतली तार आमच्या तारेला खेटून कशाला? जरा कडंला घ्या की.”

“विहीर हलवा पाटील,” काका म्हणाले. “तार आपोआप हलंल.”

पाचाचे तीन खटके झाले, तिनाचे दोन. एके दिवशी काकांनी तेही उपटले आणि पडक्या विहिरीवरचं चाक आणि दोर आणून वाशाला बसवला. दोर सोडला की फळी खाली, ओढला की वर, कडेला बोट लावलं की फिरते. सखूबाई आली. कुणी काही बोललं नाही. तिनं सरळ दोर धरला, फळी उतरवली, फिरवली, स्वतःच्या गल्लीची विहीर बघितली.

“ह्यात काय?” ती म्हणाली. “पोहराच हाय की!”

काका ओट्यावरून उडी मारून रस्त्यात नाचले. त्या वयात.

त्यानंतर त्यांनी तारांच्या टोकांना मणी लावले. कुठे काचेचा, कुठे लाकडाचा, कुठे चिंचोका. गाव हसून लोळलं. “काका, विहिरींचं लगीन काढलं का?” दोरही त्यांनी लांब केला. फळी पार बसल्या माणसाच्या कपाळापर्यंत उतरायला लागली. बसून कोण बघणार, असं आम्ही म्हणायचो. काका दोर आणखी वीतभर सोडायचे.

ते गेले तेव्हा त्यांच्या खिशात चिठ्ठी होती, तिच्यावर अकरा आकडे. तेरावा झाल्यावर मी त्याप्रमाणे अकरा तारा सरकवून ठेवल्या. संध्याकाळी ओट्यावर गेलो, तर काकू बसल्या होत्या आणि फळी त्यांच्या कपाळापर्यंत उतरलेली होती. त्यांची बोटं एकेका तारेवरून मण्यापर्यंत जात होती.

“पाटलाची दोन बोटं उतरली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “सखूची हाय तितकीच.”

मी खाकरलो.

“गुरुजी? बसा. नजर गेली तवा मी यांना म्हनलं, गाव गेलं माजं. हे म्हनले, आनून देतो.” त्यांचं बोट चिंचोक्यावर थांबलं. “ही बारावी जुनीच हाय. हिचं राहिलं.”

मी खुंटीवरची दोरी घेतली आणि गेलो. परत येऊन म्हणालो, “काकू, चौदा...”

“सांगू नका. तार लावा. मी बघते.”

आता दर सोमवारी विहिरी मी मोजतो. फळी ओट्यावर आहे. तिला बारा तारा आहेत. काकू दोर सोडतात आणि वाचतात.