गिअरबॉक्स उद्या संध्याकाळपर्यंत

सासऱ्यांची छोटी गाडी मागच्या शेडमध्ये, शेडच्या तोंडाशी कप्तानाचा ट्रक आणि ट्रकचा गिअरबॉक्स कप्तानाच्या पोटावर, अशी त्या सकाळची एकंदर परिस्थिती होती.

"जावईबापू," सासरे खुर्ची ओढून बसत म्हणाले, "मी निघावं म्हणतो."

"निघा ना, बाबा," ट्रकखालून बारीक आवाज आला. "फक्त जाताना तुमच्या मुलीला हाक मारा. आणि म्हणावं, येताना शेजारच्या दोघातिघांना घेऊन ये."

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. गिअरबॉक्स जॅकवरून घसरला होता. निम्मं वजन अजून जॅकवर होतं म्हणून जावई शिल्लक होता. सासरे चाळीस वर्षं स्टेशनमास्तर होते, अपघाताच्या जागी आरडाओरडा करायचा नसतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, आत जाऊन मुलीला शांतपणे सांगितलं, "बाळ, तुझा नवरा अडकलाय. घाई नाही, पण ये."

आता कप्तान म्हणजे कोणी दर्यावर्दी वगैरे नव्हे. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर तो डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवायचा. पण त्याच्या मनात वाळवंटं होती. नद्या होत्या, चिखल होता. त्यासाठी त्याने चारही चाकं ओढणारा एक जुना ट्रक घेतला, त्याच्या पाठीवर एक खोकं बसवलं आणि खोक्यात पलंग, टेबल, छोटी शेगडी आणि पडदा लावलेली खिडकी असा संसार थाटला. मोहिमेचा ट्रक! ही मोहीम आजवर दोनदा भाजीबाजारापर्यंत आणि एकदा मेव्हणीच्या घरापर्यंत पोचली होती. मेव्हणीकडून परत येताना तर दुसऱ्याच्या ट्रकने ओढून आणलं होतं. तेव्हापासून मित्र त्याला कप्तान म्हणायला लागले, आणि हा गडी असा की त्यातली थट्टा त्याला समजूनही हाक आवडायची.

ट्रकचं दुखणं जुनं होतं. तिसरा गिअर टाकला की तो आपला आपण उडायचा. कप्तान दांडा गुडघ्याने दाबून गाडी चालवायचा. भंगारवाल्याकडून आणलेला दुसरा गिअरबॉक्स शेडमध्ये कित्येक महिने पडून होता, पण मुहूर्त लागत नव्हता. तो सासऱ्यांनी लावला.

सासरे दोन दिवसांसाठी आले होते. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहायचे, फारसे कुठे जात नसत. मुलीने फारच गळ घातली म्हणून आले, आणि ऊन लागू नये म्हणून आपली गाडी थेट मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. संध्याकाळी त्यांनी ट्रकला एक चक्कर मारली, चाकावर काठी आपटली आणि विचारलं, "हा चालतो का, की नुसता असतो?"

झालं! हे वाक्य कप्तानाला जे लागलं ते लागलंच. कारण लग्न ठरताना हेच गृहस्थ म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण हातात काही कसब नाही." ते वाक्य इतकी वर्षं त्याच्या घशात हाडूक होऊन बसलं होतं. आज सासऱ्यांना दाखवूनच द्यायचं, असं त्याने ठरवलं.

सकाळी सासरे फिरायला गेल्याबरोबर तो कामाला लागला. "स्क्रू लहान असो की मोठा, तत्त्व एकच," असं त्याने बायकोला सांगितलं. बायको शिक्षिका होती, तत्त्वांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. ती म्हणाली, "अरे, बाबा उद्या जाणारेत. ते गेल्यावर कर की."

"ते गेल्यावर करून बघणार कोण?"

त्याने रस्त्यावरचा ट्रक मागे घेत आत आणला, शेडच्या तोंडाशी लाकडी ठोकळ्यांवर चढवला, चाकांना फिरवणारे दांडे सोडवले, इंजिनाची मागची बाजू एका जॅकवर टेकवली. सासरे फिरून आले तेव्हा काम खरोखरच निम्मं झालं होतं. म्हणजे काढायचं निम्मं.

"छान," सासरे म्हणाले. "पण माझी गाडी आता बाहेर कशी निघायची?"

कप्तानाच्या हातातला पाना हातातच राहिला. ट्रकच्या एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत, पुढे फाटक आणि मागे सासऱ्यांची गाडी. मधून सायकल गेली असती, तीही हवा काढून.

"ढकलता येईल का ट्रक?"

"इंजिन जॅकवर आहे, बाबा."

"मग अंदाजे वेळ काय धरू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत," कप्तान छातीठोकपणे म्हणाला.

तर, त्या उद्याच्या सकाळी गिअरबॉक्स पोटावर होता. शेजाऱ्यांनी तो उचलला. उचलताना कुणाचा तरी पाय तेलाच्या टबाला लागला. टब बायकोचा, धुण्याचा. काळं तेल उतारावरून वाहत सासऱ्यांच्या खुर्चीखालून गेलं. सासऱ्यांनी पाय वर घेतले, तेल जाऊ दिलं आणि मग पाय खाली ठेवत म्हणाले, "नवी वेळ सांगा, जावईबापू. उशीर झाला तर चालतो. पण सांगायला हवा. प्रवासी चिडतो तो न सांगितलेल्या उशिरावर."

"उद्या संध्याकाळपर्यंत, बाबा."

"बसने सोडू का तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"गाडी घेऊन आलो, गाडी घेऊनच जाणार," सासरे म्हणाले. हा स्वभाव घराण्यातला होता, त्यामुळे तिने पुढे वाद घातला नाही.

मग नवा गिअरबॉक्स आत जाईना. क्लचची तबकडी नेमकी मधोमध बसली नाही, तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकातून जात नाही, हे कप्तानाला शेजाऱ्यांच्या कमरा धरल्यावर कळलं. तबकडी मध्यावर धरायला निमुळता दांडा हवा होता. त्याने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

"धुऊन आणून देशील?" बायकोने विचारलं.

"नवं आणून देईन."

लाटण्याने काम चोख केलं. गिअरबॉक्स बसला, सगळे नटबोल्ट आवळले, बायकोला वर बसवून क्लच दाबायला लावला आणि गिअर पडेचना. ट्रकखाली पडल्या पडल्या कप्तानाने सगळं काम मनात पहिल्यापासून मोजलं. मग त्याला आठवलं की तबकडीला दोन बाजू असतात. त्यातली एक इंजिनाकडे करायची असते. त्याने दुसरी केली होती. दिवसभर लोकांना उलटा चष्मा घालू नका म्हणून सांगणारा माणूस तो! त्याचं त्यालाच इतकं हसू आलं की वर बायकोला वाटलं, पुन्हा पोटावर काहीतरी पडलं.

"काय झालं रे?"

"काही नाही. सगळं परत काढायचंय. तुझ्या बाबांचं वाक्य बरोबर होतं, एवढंच."

"कुठलं वाक्य?" सासऱ्यांनी विचारलं. मुलीने सांगितलं, तरी त्यांना ते आठवेना.

सुटे भाग ठेवायला घरात दुसरी जागा उरली नाही, तेव्हा वर्तमानपत्र अंथरून ते पाहुण्यांच्या खोलीत आले, आणि मग पाहुण्यांच्या पलंगावर. सासऱ्यांनी उशी उचलली, शिडी लावली आणि ते ट्रकवरच्या खोक्यात राहायला गेले. एका रात्रीपुरतंच म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतून आणलेलं आपलं जुनं भिंतीवरचं घड्याळ खिळ्याला अडकवलं. मग शेगडी पुसून स्वतःचा चहा स्वतः करायला लागले. खिडकीतून रस्ता दिसायचा. येणाराजाणारा वर बघून विचारायचा, "काय आजोबा, कधी सुटणार गाडी?"

"उशिराने धावतेय!" सासरे खिडकीतून खुशीत ओरडायचे.

कामातही त्यांनी शिस्त आणली. खाली पडलेल्या कप्तानाला वरचं ऐकू येत नसे आणि वरच्या बायकोला खालचं, म्हणून सासरे मधोमध उभे राहून लाल आणि हिरवं फडकं दाखवायला लागले. हिरवं दिसल्याशिवाय कुणी पाना फिरवायचा नाही, कुणी पेडल दाबायचं नाही. कप्तानाची बोटं शाबूत राहिली ती या फडक्यांमुळे. तोही आता "उद्या संध्याकाळपर्यंत" म्हणताना लाजेनासा झाला होता, आणि सासरे तेवढ्याच गांभीर्याने मान डोलवायचे. विचारणारा, सांगणारा आणि ऐकणारी अशा तिघांनाही त्याचा अर्थ माहीत होता.

एकदा भांडी पुसता पुसता बायको म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा असे हसलेच नव्हते रे." बोलताना तिचे डोळे भरून आले. कप्तान हातातलं ग्रीस फडक्याने पुसायला लागला. त्याला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण सासऱ्यांना लवकर घालवावं म्हणूनही तो इतका मर मर मरत होता.

शेवटी एकदाचा तो दिवस आला. तबकडी योग्य तोंडाने बसली. दोन बोल्ट उरले, ते कप्तानाने कुणाला न दाखवता खिशात टाकले. ट्रक ठोकळ्यांवरून उतरला, खोकला, धुराचा लोट सोडला आणि हलला! सासरे मागच्या खोक्यात, खिडकीतून हिरवं फडकं हलवत. कप्तानाने कोपऱ्यापर्यंत नेऊन तिसरा गिअर टाकला आणि गुडघा बाजूला घेतला. दांडा जागच्या जागी! त्याला ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाही.

परत येऊन त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला लावला. शेडपासून फाटकापर्यंतची वाट मोकळी झाली. सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. सासरे शिडीवरून उतरले, हातात बॅग आणि काखेत घड्याळ.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी कधीतरी काहीतरी चुकीचं बोललो असेन. हातात कसब आहे तुमच्या."

ज्या वाक्यासाठी इतका आटापिटा केला ते मिळालं, आणि कप्तानाने खिशातले दोन बोल्ट हळूच मुठीत दाबले. मुलीने बापाला डबा दिला. सासरे गाडीत बसले, गाडी सुरू झाली, शेडमधून रांगत बाहेर आली आणि फाटकाच्या अलीकडेच थांबली. काच खाली झाली.

"तिसरा गिअर उडतोय," सासरे म्हणाले.

कप्तानाने शेडकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. एवढ्या अंतरात पहिला गिअरसुद्धा धड अंग मोकळं करत नाही, तिसऱ्याचं तर नावच नको. तो तसं बोलणारही होता. पण त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते स्टिअरिंग घट्ट धरून सरळ समोर बघत होते, आणि ते घड्याळ अजून काखेतच होतं.

"असं?" कप्तान म्हणाला. त्याने वाकून बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. "हो, बाबा. उडतोय. चांगलाच उडतोय. उघडून बघावा लागेल."

"अंदाजे वेळ?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

बायकोने डबा परत घेतला आणि ती खोक्यातली चादर बदलायला गेली. सासऱ्यांनी गाडी मागे घेतली. चांगली सरसर, पुन्हा शेडमध्ये. उतरून त्यांनी किल्ली खिशात ठेवली, वर हात ठेवून खिसा चाचपला आणि कप्तानाच्या जवळ येऊन हळूच म्हणाले,

"पण जावईबापू, तुम्ही गाडीला हात लावू नका हं."