नानांची चकती

आमच्या गल्लीतले वायरमन नाना मोबाईलच्या पाठीला हात लावून ताप बघत्यात, बाळाचं कपाळ बघावं तसं, आन मग मनगटातल्या घड्याळाकडं बघून म्हनत्यात, "अंगात कनकन हाय. अजून पाऊन तास."

समद्या केडगावाला म्हाईत हाय ते. सगळी नोकरी लाईटीच्या खांबावर गेली त्यांची, नानी गेल्यापासून एकटेच ओट्यावर. कुनीबी मोबाईल घेऊन दिसलं की हाक, "ए, चार्ज किती?" आन गनित तर पाठच, वायरीनं तासात भरतो, बिनवायरीच्या चकतीवर अडीच तास, वर तापतो, आन जरा सरकला की तेबी न्हाई. "वायर म्हंजी नळ, पोरी. चकती म्हंजी दव. दवानं हंडा भरायचा म्हनल्यावर बस मग!"

पन मला मातर चकतीच. माझा मोबाईल ह्यांनी जुन्यातला पन भारीतला घेतलेला, त्याला वायर लागंना झाली. नानांनी चष्मा लावून भोकात बघितलं. "गेलं हे. दुकानात देऊ नको, उगाच पार्ट बदलत्याल. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोरी चकती. "घरी न्हेऊ नको, सरकला तर कळायचं न्हाई. हितंच बसून लाव." तवापासून रोज दुपारी बाळाला घेऊन अडीच तास तिथंच. माझा तर जीव त्या मोबाईलात, कारन हे कांद्याचा टेम्पो घेऊन सुरतंला जात्यात, घाटात हायेत का पोचले, फोन आल्याबिगर मला घास उतरत न्हाई. एकदा बाळाचा पाय लागून मोबाईल सरकला, कुनी बघितलंच न्हाई, बंद पडला, हे तिकडं फोन लावून लावून थकले आन मी हिकडं रडून रडून. नाना नुस्ते चकती पुसत बसले.

परवा बाळाला डोस द्यायला गेल्ते, तवा भीत भीत मोबाईलच्या दुकानात इचारलं. दुकानवाल्यानं टाचनी घातली, गोधडीचा कापूस निघाला एवढासा, वायर लावली, झाला चालू!

"कुनी म्हनलं खराब हाय?"

"आमचे वायरमन नाना."

"त्यांला कळलं न्हाई व्हय?" तो हसला. "चकती माझ्याकडनंच नेली की. मी म्हनलं, नाना, तुमच्या मोबाईलला ही चालत न्हाई. तर म्हनले, माझ्यासाठी न्हाई, घरी लेकरू यायचंय."

लई राग आला. आज सांगतेच म्हनलं, वाटभर मनात भांडत आले. तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली, आन नाना वाटीत मऊ भात कालवून फुकत बसलेले.

"लई येळ केलास. दोनदा कोपऱ्यापोतूर जाऊन आलो."

"मोबाईल नीट झाला, नाना. कापूस हुता."

नाना वाटीतला भात कालवतच ऱ्हायले.

"त्या दिवशी लई भ्यालते मी."

"ठावं हाय मला. आता वायरच लाव. तासात भरतो."

बाळ माझ्या कडंवरनं त्यांच्याकडं झेपावत हुतं. मी ते त्यांच्या मांडीवर दिलं आन सतरंजीवर बसले.

"मोबाईल भरंल तासात," मी म्हनलं, "ह्याला जेवायला लई येळ लागतो."

नानांनी घास केला, बाळाच्या तोंडाशी धरला, आन खाली मान घालूनच इचारलं, "उद्या भातात वरन घालू का जरा?"