हरणाबाईंच्या रिपोर्टाचा कौल

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा हरणाबाई शेळ्यांना शेवरीचा पाला टाकत होत्या आणि त्यांचा थोरला मुलगा बालाजी तो मोबाइल एकदा उभा, एकदा आडवा धरून बघत होता. आडवा धरूनही आईला रोग आहे की नाही, हे काही दिसेना.

झालं होतं एवढंच, की हरणाबाईंच्या पोटरीला गोचीड चावली. भूमकडच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या बाईला गोचीड चावणं ही काही बातमी नव्हे. पण त्याच आठवड्यात त्यांच्या अंगात कसर आली, गुडघे ठणकले आणि सुनेनं, म्हणजे दीपालीनं, हे पुण्याच्या दिराला, रुद्रेशला, फोनवर सांगितलं. रुद्रेशच्या कंपनीतला साहेब अमेरिकेच्या जंगलात फिरायला गेला होता आणि गोचिडीपासून लाइम नावाचा आजार घेऊन परतला होता. मग काय विचारता! धाराशिवच्या लॅबमध्ये रक्त दिलं गेलं, तिथून ते परगावी रवाना झालं आणि इकडे बालाजीनं घरात जाहीर केलं, "रोग निघाला तर शेळ्या इकायच्या. एकबी दावणीला ठिवायची न्हाय."

हरणाबाई उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेल्या. नवरा गेल्यावर या शेळ्यांवरच त्यांनी दोन्ही पोरं मोठी केली होती. आता पोरं मोठी झाली, तरी शेळ्यांवाचून दिवस कसा घालवायचा हे त्यांना माहीत नव्हतं. गुडघ्यांची त्यांना काडीची भीती नव्हती. धास्ती होती ती बाजाराच्या दिवसाची.

बालाजीनं पुण्याला फोन लावला.

"दादा, आकडा वाच," रुद्रेश म्हणाला.

"एक."

"आणि त्याच्या शेजारी काय लिहिलंय?"

"शून्य पॉइंट नऊच्या खाली आसंल तर रोग न्हाय. एक पॉइंट एकच्या वर आसंल तर हाय."

"मग आई कुठं आहे?"

"आई बरोबर मधी बसलीय."

"याला बॉर्डरलाइन म्हणतात, दादा. म्हणजे रोग असूही शकतो, नसूही शकतो."

"आरं, त्ये तर रगत काढायच्या आधीबी ठाव हुतं की!"

दीपाली अंगणवाडीत कामाला होती, त्यामुळे शिक्षणखात्यातलं आपल्याला कळतं असं तिला वाटे. ती म्हणाली, "अहो, काठावरच्या पोराला दोन मार्क वाढवून पास करत्यातच की. तसं आत्यांनाबी पास करून टाका."

"पास म्हंजे रोग हाय का न्हाय?"

दीपाली चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिघंही भूमच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पोटरी पाहिली, गुडघे वाकवून पाहिले.

"मावशी, गुडघे कधीपासून दुखतात?"

"बालाजीचं लगीन झालं तवापासून."

दीपाली भिंतीवरच्या तक्त्यातलं हृदय बघू लागली. डॉक्टर बालाजीकडे वळले. "हा आजार आपल्याकडं फारसा आढळत नाही. ही टेस्ट सांगितली कुणी?"

"भावानं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"न्हाय, कंप्युटरमधी हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, अंगावर चट्टा नाही, कसर उतरलीय. असा आकडा कधीकधी दुसऱ्याच कशानं येतो. मी लक्ष ठेवतो, काही आठवड्यांनी परत रक्त तपासू. तोवर मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही."

"पर शेळ्यांचं काय करायचं?"

"त्यांना गोचिडीचं औषध मारा."

"त्येंचंबी रगत तपासायचं का?"

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

बालाजी हा 'हो' किंवा 'नाही' या दोनच शब्दांवर जगणारा माणूस. काही आठवडे असं लोंबकळत राहणं त्याच्या स्वभावात बसेना. शेवटी त्यानं उपाय काढला: तुळजापूर. देवीच्या देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. मध्ये बॉर्डरलाइन काढायला तिथं लॅब नाही, असं बालाजीचं म्हणणं पडलं.

दर्शन झालं. चिंतामणीपाशी रांग होती. रांगेत बालाजी आईला पढवत राहिला, "नीट इचार बरं. मला रोग हाय का, एवढंच. मधी दुसरं काय घालू नगं."

हरणाबाईंनी पदर सावरला, दगडावर तळवे ठेवले आणि डोळे मिटले. दगड जागचा हलेना. मग दगड हळूहळू उजवीकडे फिरू लागला आणि चांगला फिरला.

निकाल हवा हवा म्हणून घर डोक्यावर घेणारा बालाजी तो मिळाल्याबरोबर मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली. "आई, तू भिऊ नगंस. पुण्याला नेतो, मुंबईला नेतो, लागंल ती दवा करू."

हरणाबाई मात्र अशा खुलल्या होत्या, की दीपालीला वाटलं, रोग डोक्यात गेला.

"रडतूस कशापायी? देवी व्हय म्हणली."

"म्हणून तर रडतूय!"

"येडा का खुळा? शेळ्या ठिवू का, आसं इचारलं म्या."

बालाजीनं नाक पुसलं. "आन् रोगाचं?"

"रोगाचं डॉक्टर बघतूया की. त्येवढ्यासाठी देवीला कशाला तरास?"

आता देवीनंच परवानगी दिली म्हटल्यावर बालाजीची काय बिशाद? तिघं बाहेर आली. हरणाबाई शेळ्यांना घुंगरू घ्यायला समोरच्या दुकानात शिरल्या, आणि तेवढ्यात रुद्रेशचा फोन आला.

"दादा, काय निघालं?"

"शेळ्यांचा रिपोर्ट आला. चांगला हाय."

"आणि आईचा?"

"तिनं इचारलाच न्हाय."