जनार्दनरावांनी आणलेला गोलकीपर

शुभांगीबाईंनी गॅलरीतून चावी खाली टाकली. ती झेलायला त्यांच्या नव्या भाडेकरूने, अमोघने, दोन्ही हात पुढे केले. चावी त्या हातांच्या मधून गेली आणि गटारात पडली.

एरवी ही गोष्ट घरातच राहिली असती. पण अमोघ हा माण गावच्या फुटबॉल क्लबचा नवा गोलकीपर होता आणि त्याला क्लबात घेणारे अध्यक्ष म्हणजे शुभांगीबाईंचेच यजमान, जनार्दनराव. आधीचा कीपर नोकरी बदलून हैदराबादला गेला, त्याच आठवड्यात खोली बघायला आलेला अमोघ म्हणाला होता, "मी कोल्हापूरचा. गोलात उभा राहायचो." फुटबॉलवेड्या कोल्हापूरचे नाव ऐकल्यावर जनार्दनरावांनी पुढे काही विचारलेच नाही, सरळ फॉर्मवर सही घेतली. आता रविवारी शेजारच्या सूस गावाबरोबर फायनल होती आणि नावे बदलायची मुदत संपली होती. सूसने माणला सलग तीन वर्षे हरवले होते.

"कुणाला बोलू नका," शुभांगीबाई म्हणाल्या.

जनार्दनरावांनी फक्त कॅप्टन परवेजला सांगितले. संध्याकाळी परवेजच्या मोबाइलच्या दुकानात पंधरा माणसे जमली.

"चावी बारीक असती," भिवाजीआबा म्हणाले. आबांनी क्लबची एकही मॅच चुकवली नव्हती. "बॉल केवढा, चावी केवढी."

"पन चावी तर अलगद टाकली व्हती," कैलास म्हणाला. "सूसची पोरं अलगद टाकनार हायेत का?"

"आरं, कोल्हापूरचा हाय त्यो."

"म्हनून काय झालं? तितं समदेच कीपर असत्यात व्हय? कुनी बघनारंबी असंल की."

मग त्याची परीक्षा घ्यायची ठरली.

मैदानात नेऊन परीक्षा घ्यावी, तर त्याला संशय येणार आणि उरलासुरला धीरही जाणार. शेवटी आबांनी चेंडूच्या मापाचे कलिंगड आणले. शुक्रवारी अमोघ कंपनीतून परतला तेव्हा आबा फाटकातच उभे होते.

"धर रे," म्हणून त्यांनी कलिंगड फेकले.

ते फरशीवर फुटले. अमोघ ओशाळला. "ग्लोव्हज नव्हते ओ आबा," तो म्हणाला.

या उत्तराने गावात दोन तट पडले. खरा कीपर असेच बोलतो, असे निम्म्यांचे म्हणणे. उरलेल्या निम्म्यांत जनार्दनराव होते आणि त्यांना जेवण जाईना.

रविवारी मैदानात उतरण्यापूर्वी परवेजने पोरांना बाजूला घेतले. "बॉल अमोघपर्यंत जाता कामा न्हाई. छातीवर घ्या, पाठीवर घ्या, पन मागं सोडू नका."

पोरांनी तसेच केले. दहाच्या दहा जण गोलापुढे भिंतीसारखे उभे राहिले. सूसवाले मारत राहिले आणि चेंडू कोणाच्या तरी मांडीवर, बरगडीवर, एकदा रोहितच्या नाकावर आपटून परत जात राहिला. अखेरच्या मिनिटाला सूसचा कीपरसुद्धा चिडून मधल्या रेषेपर्यंत आला. तेवढ्यात रोहितने घाबरून चेंडू लांब लाथाडला. तो टप्पे खात रिकाम्या गोलात शिरला. माण एक, सूस शून्य.

माणच्या पोरांना खांद्यावर घेण्याचा गोंधळ चालला होता, तेव्हा सूस क्लबचे अध्यक्ष मनीष जनार्दनरावांकडे आले.

"तुमच्या कीपरनं एक गोल खाल्ला न्हाई. पुढच्या साली आमाला द्या त्याला."

जनार्दनरावांना हायसे वाटले. ते 'घ्या की' म्हणणार, तोच परवेजने त्यांना बाजूला ओढले.

"काका, देऊ नका. ह्यो मागं हाय म्हनून पोरं जीव तोडून पळाली. चांगला कीपर आला की परत ढिली पडतील."

जनार्दनरावांनी विचार केला आणि मनीषना हात जोडून नाही म्हणून सांगितले.

इतक्यात अमोघ आला. त्याच्या जर्सीला मातीचा डाग नव्हता. "काका, आज एक बॉल आला न्हाई ओ माझ्याकडं," तो खिन्नपणे म्हणाला. "उद्यापासनं रोज सकाळी कीपिंगची प्रॅक्टिस करू म्हणतो."

"कशाला उगाच," जनार्दनराव घाईने म्हणाले. परवेजने पुढे होऊन त्याच्या काखेतला चेंडू हळूच काढून घेतला.