मिक्सरची नीती आणि मळमड्डीची संमती

नवं यंत्र घरात येण्याआधी त्याची नीती घरात यावी, याबद्दल विचारवंतांत दुमत नाही. (यंत्रच आधी येतं, पण तो दुकानदारांचा उतावीळपणा.) धारवाडच्या मळमड्डीत प्रा. जयतीर्थ हेब्बळी राहत असल्यामुळं आमच्या गल्लीत हा क्रम सहसा चुकला नाही. सर तत्त्वज्ञान शिकवत. खास विषय उदयोन्मुख तंत्रज्ञानाचं नीतिशास्त्र. गॅसची शेगडी त्यांनी सहा वर्षं विचाराधीन ठेवली होती. तोवर घरी चूल पेटत असे, कारण चुलीचा विचार पूर्वजांनी करून ठेवला होता.

चौऱ्याहत्तर साली सुभाष रोडच्या दुकानात मिक्सर आला आणि त्याच महिन्यात सरांच्या पत्नी श्यामलाबाईंचं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, पाटा-वरवंटा बंद.

"मिक्सर आणू या की ओ," बाई म्हणाल्या. "हात उचलंना झालाय."

"आणू या की. नको कोण म्हणालंय? आधी विचार होऊ दे."

विचार सुरू झाला. पहिलं प्रकरण : चटणी बिघडली तर दोष कुणाचा? बटण दाबणाऱ्याचा, कारखानदाराचा, की खोबऱ्याचा? (खोबऱ्याची बाजू ऐकून घेण्याची सरांची तयारी होती.) दुसरं प्रकरण : न कमावलेली विश्रांती माणसाला बिघडवते. हे सरांनी दुपारी आरामखुर्चीत पडून लिहिलं.

तिसरं प्रकरण संमतीचं. मिक्सरचा आवाज ज्याच्या कानावर जाईल, त्या प्रत्येकाला विचारलं पाहिजे. सर छत्री घेऊन घरोघर फिरले. "मिक्सर फिरला तर तुम्हाला त्रास होणार, नाही का?" प्रत्येक घरानं चहा दिला आणि म्हटलं, "हौदल्ला."

आता, कन्नडमध्ये 'हौद' म्हणजे होय आणि 'अल्ल' म्हणजे नव्हे. दोन्ही जोडून धारवाडचा माणूस 'खरंच की' असं म्हणतो आणि मोकळा होतो. पण सर तर्कशास्त्राचे. त्यांनी नोंदवलं : 'होय' शंभर टक्के, 'नाही' शंभर टक्के. दोनशे टक्के प्रतिसाद मिळालेली दुसरी पाहणी माझ्या तरी ऐकिवात नाही.

निबंध पुण्याच्या एका त्रैमासिकाकडं गेला. तिथल्या परीक्षकांनी शेरा मारला, "विषय महत्त्वाचा. मात्र समस्त रहिवाशांनी एकमुखानं हौदाची मागणी का केली आहे, आणि पाणीटंचाईचा मिक्सरशी संबंध काय, ते स्पष्ट करावं." सरांनी स्पष्ट केलं. त्याला ऐंशी पानं आणि चार वर्षं लागली. (हौद मात्र झाला नाही.)

या अवधीत सरांची कीर्ती हुबळीत केशवापूरपर्यंत पोचली. मिक्सर मळमड्डीतल्या एकेका घरात पोचला. शेजारच्या अंबूताईंकडं तर दोन झाले, कारण एक लग्नात आला. आणि सरांच्या ताटातला मिरचीचा रंजका दिवसेंदिवस मऊसूत होत चालला.

"हा पाट्यावरचाच ना?" सरांनी एकदा बोटं चाटत विचारलं.

"हौदल्ला," बाई म्हणाल्या. पदराआड झाकलेलं भांडं नुकतंच अंबूताईंकडून आलं होतं, अजून कोमट होतं.

सरांनी या वेळी 'होय' तेवढं घेतलं. रंजका मध्यवर्ती पुरावा झाला. शेवटचं प्रकरण त्यांनी बाईंना समोर बसवून वाचून दाखवलं : "ही चव मानवी हातातून उतरते. पात्याला ती कदापि साधणार नाही. सबब मिक्सर त्याज्य."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे आता कधीच नाही?"

"पुरावाच तसा आहे. आणि तो तूच दिलायस की."

दुसऱ्या दिवशी बाई अंबूताईंना घेऊन सुभाष रोडला गेल्या आणि मिक्सर घेऊन आल्या. सर दारातच उभे राहिले.

"अगं, याचा विचार संपायचाय अजून."

"संपला की. तुमचा विषय उदयोन्मुखाचा ना? हे कुठं उदयोन्मुख राहिलंय? गल्लीत आपलंच घर उरलं होतं."

सर आत जाऊन निबंध उघडून बसले. मग त्यांनी एक तळटीप जोडली : "जी वस्तू सगळ्यांकडे पोचली, तिला नीती लागू होत नाही." याच तळटिपीमुळं सरांचं नाव झालं. पुढं तिच्या आधारानं लाउडस्पीकर, कॅपिटेशन फी आणि फुटपाथवरच्या मोटारी असे अनेक अवघड प्रश्न विनासायास सुटले.

हल्ली सर नव्वदीत आहेत. माणसाच्या बदली विचार करणाऱ्या यंत्रावर त्यांचं काम चालू आहे. श्यामलाबाई मिक्सर लावून बसतात, त्यामुळं सरांना कुणाचं काही ऐकू येत नाही आणि काम शांतपणे होतं. यंत्राला संमती आहे का, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. मला विचारलं, मी काय म्हणालो ते सांगायला नको.

तुम्ही हसताय. हसा की. पण काल फोनवर ती लांबलचक अटींची यादी आली आणि तुम्ही खाली 'मान्य' दाबलंत, ती यादी वाचूनच दाबलं असणार.

हौदल्ला?